शेवटून दुसरे, आणि एक नारळ

आमचे हे, देवदत्त, मूळचे सांगलीचे. बर्फ पाहिलेला तो फक्त उसाच्या रसातला. २००१ साली गिअरबॉक्सच्या कामावर स्टुटगार्टला आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या कुणीतरी यांना श्वार्त्सवाल्डच्या जंगलात नेऊन स्कीवर उभं केलं. घरी आले ते लंगडत. मला वाटलं, जिरली हौस. कसली जिरते! पुढच्या शनिवारी डब्यात थालीपीठ घेऊन पुन्हा हजर. लांब पल्ल्याच्या शर्यतींतही उतरायचे आणि शेवटून दुसरे-तिसरे यायचे. उन्हाळ्यात बोडनसे तळ्यावर शिडाची एकट्याची होडी. तिथेही तोच नंबर. "चालायचंच," म्हणून हसायचे.

२००८ मध्ये काँट्रॅक्ट संपलं. सप्टेंबरात पुण्याला परतायचं ठरलं, म्हणजे ऑगस्टमधली होड्यांच्या क्लबची शर्यत शेवटची. "जायच्या आधी एक मेडल हवं," हे पहिल्यांदाच बोलले. मग उन्हाळाभर एक रविवार घरी थांबतील तर शपथ!

शर्यत नेमकी नारळी पौर्णिमेला आली. सकाळी यांनी धक्क्यावरून हात जोडून नारळ पाण्यात सोडला. क्लबचे म्हातारे बाउमान धावत आले. "अहो, देवदत्त! अख्खं स्टुटगार्ट हे पाणी पितं!" हे ओशाळले. बांबू आणेपर्यंत नारळ लांब वाहत गेला. "मी काढून आणतो," यांनी शब्द दिला. बाउमान मान हलवून कॉफी प्यायला गेले.

दुपारी वारा यांच्या बाजूने होता. शेवटच्या वळणावर हे चक्क दुसरे! मी धक्क्यावर वेड्यासारखी टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात यांची होडी गर्रकन उलटी वळली. शीड फडफडलं, हे पाण्यावर ओणवे झाले. मागच्या होड्या एकेक करून पुढे निघून गेल्या. "मेला तो नारळ! राहू दे ना!" मी ओरडत होते. हे आले सगळ्यांच्या शेवटी, मांडीवर नारळ घेऊन.

"अहो, शर्यत संपल्यावर काढता आला नसता?"

"तोवर सापडला असता का? शब्द दिला होता."

डोकंच फिरलं माझं.

रात्री त्याच नारळाचा नारळीभात केला. "देवाला दिलेला खायचा?" यांनी विचारलं.

"त्यानेच परत केलाय. जेवा मुकाट्याने."

यांनी दोनदा वाढून घेतला. आता नेहमीसारखे हसतील, म्हणून मी वाट पाहत होते. ताटाकडे बघतच म्हणाले, "ऊर्मिला, हवं होतं गं मला ते."