जिवंत माणसासाठी एक गाणं

नेदरलँड्समध्ये झूटरमेरला आमच्या शेजारी राहणारा जमैकन माणूस बस चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी रिडिम बनवायचा. रिडिम म्हणजे नुसता ठेका आणि बास. तो पाच-सहा गायकांना पाठवायचा आणि प्रत्येकाने त्यावर स्वतःचे शब्द गायचे. आपण एकाच चालीवर दोन-तीन आरत्या म्हणतो ना, तसंच. मात्र आधी कुणी कुणाचं ऐकायचं नाही. मला त्यातलं डोकेदुखीपलीकडे फारसं कळायचं नाही, पण माणूस आवडायचा.

गेल्या वर्षी त्याला कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी हात टेकले. त्याने घरी बसून नवा रिडिम केला, चांगला उडता. "यावर लोक नाचताना मला बघायचेत. एकच उन्हाळा हवाय," असं म्हणाला.

एका दुपारी मी वरणभात घेऊन गेले, तर गाणी येऊन पडली होती. जेवता जेवता तो एकेक लावत होता. पहिल्यात निरोप. दुसऱ्यात स्वर्गाचं दार. तिसऱ्यात, चौथ्यात तेच. एकमेकांचं न ऐकताही सगळ्यांनी एकच गाणं गायलं होतं. खाली ठेका उड्या मारतोय आणि वर रडारड! माझं डोकंच फिरलं. माणूस समोर बसून जेवतोय, त्याच्या आठवणी कसल्या काढता? आपल्याकडेही आजाऱ्याला भेटायला आलेले बाहेरच्या खोलीत कुजबुजत बसतात, त्यांचाही मला असाच राग येतो.

मग रॉटरडॅमच्या एका गायकाचं गाणं आलं. त्याला आजाराचं कुणी कळवलंच नव्हतं. त्याने ह्याच्या सुटलेल्या पोटाची यथेच्छ टिंगल केली होती आणि वर दम भरला होता, उन्हाळ्यात नाचायला आला नाहीस तर घरातून उचलून नेईन. शेजारी खो खो हसला, खोकला आणि त्याने ते पुन्हा लावलं. पुढे दोन दिवस भिंतीपलीकडून तेच ऐकू येत होतं.

नंतर मी तिथे असतानाच त्या गायकाचा फोन आला. त्याला कळलं होतं. लाज वाटते, ते काढून टाक, दुसरं पाठवतो, म्हणून रडत होता.

"नको रे, हेच राहू दे," शेजारी विनवत होता. पलीकडचा ऐकेना.

"ठेव की स्वतःपुरतं. त्याला काय कळणार आहे?" फोन ठेवल्यावर मी म्हटलं.

"गाणं गाणाऱ्याचं असतं. तो नाही म्हणाला की आम्ही ठेवत नाही."

त्याने ते माझ्यादेखत पुसलं. मला भरून आलं, आणि त्या भल्या नियमाचा संतापही आला.

संध्याकाळी नवं गाणं आलं. त्यात पोट नव्हतं, दमदाटी नव्हती. "शांत झोप, भावा," एवढंच घोळवून घोळवून गायलं होतं. त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि छान गायलाय म्हणाला.

उन्हाळा काही त्याला लाभला नाही. अंत्यविधीला कोणती गाणी लावायची, याचा विचार कुणालाच करावा लागला नाही.