बाबांच्या जाळ्याची वजनं

आम्ही ढिवर. गावचा तलाव आणि वैनगंगा, यांतल्या मासोळीवर आमचं घर चालायचं. मी शिकले आणि नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवू लागले. सिंधू खोऱ्याचा धडा माझा आवडता. पुस्तकातल्या एका चित्रात जाळ्याला बांधायची वजनं होती, मातीची, भाजलेली, मधोमध भोक पाडलेली. माझे बाबा हुबेहूब तशीच वळायचे आणि चुलीच्या निखाऱ्यात भाजायचे. वर्गात हे सांगताना मला अभिमान वाटायचा.

एकदा शिक्षणखात्याचे साहेब येणार म्हणून शाळेत प्रदर्शन ठरलं. विषय, नदीकाठच्या प्राचीन संस्कृतींचा वारसा. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुमच्या घरचं ते जाळं आणा ना."

बाबा वारले होते. जाळं भाऊ वापरायचा. आईनं ते कोणाच्या हाती दिलं नाही. पोत्यात घालून स्वतः एसटीनं घेऊन आली.

साहेबांनी वजनं हातात घेऊन पाहिली. पाच हजार वर्षांची परंपरा आपल्या मातीत अजून जिवंत आहे, असं भाषणात म्हणाले. टाळ्या पडल्या. आईनंही वाजवल्या.

मग जेवणाची पंगत बसली. आई माझ्याशेजारी बसली, तशी संस्थेच्या अध्यक्षांची बायको माझ्याकडे वाकून म्हणाली, "यांले तिकडे व्हरांड्यात बसवा ना. मासोळीचा वास येऊन राह्यला."

"ती माझी आई आहे," मी म्हणाले.

"मंग आधी सांगायचं न, बाई. दोघींलेही तिकडेच वाढलं असतं."

आई उठली. मीही पान सोडून उठले. हडप्प्यात कोण कोणाच्या पंगतीला बसत होतं, ते धड्यात कुठंच नव्हतं.

आम्ही जाळं घ्यायला प्रदर्शनाच्या खोलीत गेलो. जाळं कोपऱ्यात पडलं होतं. वजनं मात्र पुठ्ठ्यावर ओळीनं डिंकानं चिकटवली होती. नीट दिसावीत म्हणून कोणीतरी दोऱ्या कापून ती सोडवली होती.

"कापलं काऊन?" आईनं मुख्याध्यापकांना विचारलं.

"आजी, हा वारसा आहे. आता शाळेच्या कपाटात राहील. तुमचाच मान आहे."

"वारसा मले समजत नाई, भाऊ. जाळं माह्या घरधन्याचं आहे. पोरगा उद्या पाण्यात काय टाकन?"

मी पुठ्ठा उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "बाई, नोकरी करायची आहे ना?" मी पुन्हा हात घातला, तर शिपायानं मधे येऊन तो कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी मी लेखी मागणी केली. तिला उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी माझ्याकडून इतिहास मात्र काढून घेतला.

भावानं बाजारातून शिशाची वजनं आणली. आईनं ती एकेक करून जाळ्याला बांधली. पुढं मी त्या शाळेच्याच गावात घर बांधलं. वास्तुशांतीला आईला न्यायला स्वतः गेले.

"तुह्या गावाले मी येत नाई," ती म्हणाली, आणि आली नाही.