पाठीला पाठ लावून

मेश्रामताईंनी पहिल्याच दिवशी मला खुर्ची फिरवायला लावली. "माझ्याकडे पाठ कर, आणि हिरोची वाक्यं वाच. मोठ्यानं." हिरॉइन त्या स्वतः वाचणार होत्या. प्रसंग बेडरूमचा! मी पुण्याहून नुकताच आलेला, लग्न न झालेला मुलगा. कानांपर्यंत लाल झालो.

सिंगापूरच्या आंग मो किओ भागातली आमची कंपनी मोठ्यांसाठी गेम करायची. चित्रं नावापुरती, सगळा खेळ वाचण्याचा. पात्रं बोलतात, आपण उत्तर निवडायचं, की गोष्ट पुढे सरकते आणि बहुतेक वेळा पलंगापाशी पोचते. मूळ इंग्रजीच सुमार. त्याचं मराठी मशीन करणार आणि आम्ही दोघं ते निस्तरणार.

"तुझ्या सान्निध्यात माझे शरीर उबदारपणा अनुभवत आहे. कृपया पुढे जा," मी कसंबसं वाचलं.

पाठीमागून नागपुरी उसासा. "असं कोण बोलते बाप्पा? हा प्रेम करून राहिला का गॅसचा नंबर लावून राहिला?"

हेच त्यांचं पालुपद. असं कोण बोलते बाप्पा! ओळ जमली की म्हणायच्या, "हे पास," आणि त्याशिवाय ती गेममध्ये जायची नाही. पाठीला पाठ का, तर म्हणे, "तोंड दिसलं की तू लाजतो. पाठ केली की नुसते कान राहतात." त्या असल्या ओळी खणखणीत आवाजात वाचायच्या. आमची टीम लीड वेई लिंग हिला मराठीचा गंध नव्हता, पण सुरावरून तिला सगळं कळायचं. "आंटी, सॉफ्टर लाह!" ती ओरडायची. ताई म्हणायच्या, "हाव, हाव," आणि आवाज तसाच.

एकदा जेवताना मी म्हटलं, "ताई, असले गेम भाषेसाठी कोण खेळतं हो?" त्या हसल्या नाहीत. "एकटी माणसं खेळतात रे. आपल्याशी कोणी नीट बोलावं, एवढंच त्यांना पाहिजे असते. तिथंही आपण भंगार द्यायचं का?" मी उरलेला भात संपवला.

मग तो गेम आला. त्यात एका वळणावर बाई पुरुषाला नकार देते. मशीनच्या मराठीत ती म्हणत होती, "अरे नाही, तू किती हट्टी आहेस, आता थांब ना." ताईंनी ते दोनदा वाचलं आणि खुर्ची गर्रकन फिरवली. "ही बाई नाही म्हणून राहिली, आणि आपल्या मराठीत ती लाडात आली! पोरं हे वाचून काय शिकतील?" त्यांनी लिहिलं, "नको. खरंच नको. तू घरी जा." पण पुढचं सगळं त्या लाडावरच बेतलेलं होतं. तेही बदलायचं म्हणजे गेम लांबणार. वरून निरोप आला, राहू द्या, कोण वाचतं?

ताईंचा करार त्याच महिन्यात संपत होता. नोकरी गेली की इथं राहायचा पास जाणार, हौगांगचा फ्लॅट जाणार, आणि इथल्या युनिव्हर्सिटीत शिकणारी लेक होस्टेलवर एकटी राहणार. लेकीनं फोनवर विनवलं, "आई, जस्ट पास इट लाह." ताईंनी तिला शांतपणे सांगितलं, "ते वाचून उद्या तुझ्यासमोर कोणी उभा राहिला तर?" त्यांनी ते वळण पास केलं नाही. गेम उशिरा गेला, त्यांच्याच वाक्यांसकट. करार मात्र पुढे सरकला नाही. माझा अस्सा संताप झाला! त्या मात्र डबे धुऊन पिशवीत भरत होत्या.

शेवटच्या दिवशी सगळे जेवायला उतरले तेव्हा मी फोनवर लिहून आणलेलं भाषण काढलं. ताईंनी सवयीनं खुर्ची फिरवली. मीही फिरवली.

"आदरणीय ताई, आपल्या मार्गदर्शनाची शिदोरी मला आयुष्यभर..."

"असं कोण बोलते बाप्पा?"

मी फोन खाली ठेवला. समोर नुसती भिंत होती आणि तोंड लपवायची गरज नव्हती.

"ताई, जाऊ नका ना."

मागची खुर्ची हलली नाही. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"हां," त्या म्हणाल्या. "हे पास."