घाईची ठिणगी

आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांना सगळंच वेळेआधी करायची सवय होती. विनोद संपण्याआधी ते हसत आणि साक्षीदाराने तोंड उघडताच "खोटं!" म्हणून गरजत. अमरावतीत त्यांनी मोटार आणली, तेव्हा सुकाणूजवळच्या एका लहानशा दांडीवर त्यांचा जीव जडला. ती सरकवली की इंजिनातली ठिणगी लवकर किंवा उशिरा पडे. साहेबांनी ती 'लवकर'च्या टोकाला नेली आणि तिथून हलवली नाही.

"सुरू करताना तरी दांडी मागे घ्या," मी म्हणालो. "नाहीतर इंजिन सुरू करायचं पुढचं हँडल उलटं फिरेल."

"मास्तर, मांगं सरणाऱ्यातला मी नाही. तुमी काहून भिऊन राहिले?"

पुढे अकोल्याच्या एका डॉक्टरांशी त्यांची पैज लागली. रुमाल पडला की हँडल मारून निघायचं, बडनेरा गाठायचं, आणि हरेल त्याची मोटार बैलांनी भर बाजारातून ओढायची. पैजेची बातमी गावभर झाली. कोर्टातले शिपाईसुद्धा रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले.

रुमाल पडला. डॉक्टर भुर्रकन निघून गेले. साहेबांनी हँडल मारलं. इंजिनाने ते उलटं झटकलं आणि साहेब पगडीसकट धुळीत बसले. पुन्हा मारलं, पुन्हा बसले. तरी दांडीला हात लावला नाही.

"आता बैल कुठून आणायचे?" कोणीतरी विचारलं.

साहेबांनी निंबाकडे बोट दाखवलं. डॉक्टरांच्या मोटारीसाठी त्यांनी पहाटेच एक जोडी झुली घालून बांधून ठेवली होती.

"पाह्यलं, मास्तर?" धूळ झटकत ते म्हणाले. "म्हणून म्हणतो, माणसानं पहिलेच तयारी ठेवावी."