रोडगे आणि ढाल

ज्या कोणा गृहस्थानं बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला, त्याची आणि आमच्या सेंटरची एकदा जरी गाठ पडली असती, तरी त्या गृहस्थानं आपला शोध तिथल्या तिथे मागे घेतला असता. हा खेळ धावण्याचा, उड्या मारण्याचा आणि समोरच्याला चकवण्याचा आहे, असा एक गैरसमज जगात पसरलेला आहे. आमच्या सेंटरला या तिन्ही गोष्टी मनापासून नापसंत होत्या. तरीही पुसदच्या आमच्या संघानं जिल्ह्याचं अजिंक्यपद एकदा मिळवलं आणि एकदा घालवलं, आणि दोन्हींचं श्रेय निर्विवादपणे त्याच्याकडे जातं. मी त्याच संघात फॉरवर्ड होतो. मी बरा नेमबाज होतो असं माझं अजूनही मत आहे, परंतु गावात त्या संघाचा विषय निघाला की लोक त्याच्याबद्दलच बोलतात आणि मला चहा पाजून गप्प बसवतात.

तो शेतकऱ्याचा मुलगा. गावाबाहेर त्याचं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, आणि ज्वारीचं वावर होतं. उंची एवढी की स्वतःच्या घराच्या चौकटीशी त्याचं रोज भांडण होई आणि कपाळावर त्याची खूण कायम असे. आम्ही त्याला संघात घेतलं ते खेळ येतो म्हणून नव्हे, तर रिंगची जाळी तुटली की बांधायला शिडी आणावी लागत नसे म्हणून. मैदान म्हणजे मुरूम टाकून धुम्मस केलेली जागा, तिच्यावर फक्कीच्या रेघा. त्या काळात आम्ही पुसदकर जागचे न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि मुंबई राज्यातून महाराष्ट्रात आलो. आमचा सेंटर मैदानावर नेमका याच पद्धतीनं हिंडत असे. सुरुवातीला रिंगखाली जिथे उभा राहिला, तिथेच तो शेवटची शिट्टी होईपर्यंत सापडायचा.

चेंडूचे टप्पे मारत पुढे जायचं असतं, हे त्याला शिकवण्यात आमच्या कप्तानाचं अर्धं तारुण्य गेलं. "येवढा चांगला चेंडू हाती आला, त्याले जमिनीवर कायले आपटू?" असं तो शांतपणे विचारी. उडीविषयीही त्याचं मत ठरलेलं होतं. वर गेलेला चेंडू आपल्या पायानं खाली येतोच, मग आपण कशाला वर जायचं? बरं, एखाद्याला चुकून धक्का लागला तर पंचानं शिट्टी वाजवायच्या आधी हाच खेळ थांबवायचा, खाली पडलेल्याला हातानं उठवायचा, त्याच्या पाठीवरची माती झटकायचा आणि "लागलं काय गा?" म्हणून विचारत राहायचा. तोपर्यंत त्या उठवलेल्याच्या सोबत्यांनी आमच्यावर गोल चढवलेला असे.

पण या माणसाचं खरं वेड वेगळंच होतं, आणि ते म्हणजे दुसऱ्याचं पोट. सामना सुरू होताना दोन्ही सेंटर मध्यभागी समोरासमोर उभे राहतात, पंच चेंडू वर फेकतो, आणि त्या क्षणी मोठमोठ्या खेळाडूंच्या छातीत धडधड होते म्हणतात. आमचा सेंटर त्या क्षणी समोरच्याला विचारी, "जेवून आलते ना?" समोरचा गडबडून "हो" किंवा "नाही" म्हणेपर्यंत चेंडू कुठेतरी गेलेला असे, पण त्याचं याला काही नव्हतं. उत्तर "नाही" आलं तर मात्र त्याचं त्या दिवशी खेळात लक्षच लागत नसे. उमरखेडच्या सामन्यात त्याला एका काटकुळ्या पोराला अडवायचं काम दिलं होतं. त्या पोरानं आमच्या सेंटरच्या डोळ्यांदेखत रिंगमध्ये चेंडूमागून चेंडू टाकले आणि आमचा सेंटर कौतुकानं बघत उभा राहिला. मी संतापून ओरडलो, तर मलाच म्हणाला, "मास्तर, पोट पाह्यलं काय त्याचं? पाठीले लागलं हाये. त्याले काय अडवाचं?" मी शाळेत मास्तर होतो, आणि वर्गातल्या पोरांवर येणारा सगळा राग मी मैदानावर याच्यासाठी राखून ठेवत असे.

आमच्याकडे तेव्हा रीत अशी होती की बाहेरगावचा संघ आला की त्याची जेवणाखाण्याची सोय यजमान संघानं करायची. पाहुणे दोन-दोन, तीन-तीन करून आम्हा खेळाडूंच्या घरी वाटले जात. हा मात्र आख्खा संघ मागून घेई. आणि पाहुण्यांना काय घालायचं, तर रोडगे! वावरात गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, कणकेचे जाडजूड गोळे त्यात भाजायचे, राख झटकून ते फोडायचे, त्यात तूप ओतायचं आणि वर वांग्याची रस्सेदार भाजी न् तुरीचं वरण. हे सगळं तो स्वतः करी, कारण रोडगे पुरुषांनीच भाजावेत असं त्याच्या घराण्याचं म्हणणं होतं. मग तो वाढायला उभा राही. नको म्हणून ताटावर हात आडवा धरला तर तो हातावर वाढायचा. "माह्या गळ्याची आन हाये तुमाले," हे वाक्य त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की त्याचा गळा धड राहिला याचंच मला नवल वाटतं.

ज्या वर्षी आम्ही जिंकलो, त्या वर्षी अंतिम सामना पुसदलाच होता. यवतमाळचा संघ सकाळच्या मोटारीनं आला. तो जिल्ह्यात सर्वांत तरबेज संघ होता. त्यांचा कप्तान शिडशिडीत, अबोल आणि विजेसारखा चपळ. आम्ही सगळे पराभवाची मनात तयारी करून बसलो होतो. आपण किती गोलांनी हरायचं यावरच काय ती चर्चा चालू होती. आमच्या सेंटरनं आलेल्या पाहुण्यांना थेट वावरात नेलं. दुपारी मी सहज तिकडे गेलो, तर जिल्ह्यातले ते सर्वांत तरबेज खेळाडू चिंचेखाली ओळीनं आडवे पडले होते आणि त्यांचा कप्तान डोळे मिटून म्हणत होता, "बस झालं बाप्पा, आता इथंच राहू द्या मले."

चार वाजता सामना सुरू झाला. यवतमाळचे गडी मैदानावर असे हिंडत होते, जणू प्रत्येकाच्या कमरेला पाट्याचा दगड बांधलाय. त्यांचा कप्तान एकदा उडी मारायला गेला आणि मधेच विचार बदलून खाली बसला. आम्ही जिंकलो. मी त्या दिवशी उत्तम खेळलो, पण ते कुणाच्या लक्षात नाही. ढाल मिळाली, हार पडले, गुलाल उडाला. मोटारीत बसताना यवतमाळच्या कप्तानानं आमच्या सेंटरला कोपरापासून हात जोडले आणि म्हणाला, "डाव चांगला टाकला तुमी. उपाशी ठेवून मारणारे पाह्यले होते, खाऊ घालून मारणारा आजच पाह्यला."

मोटार गेली. सेंटर माझ्याकडे वळून म्हणाला, "काय म्हणे तो? कोणता डाव?" मला वाटलं, तो गंमत करतोय. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "अरे, रोडग्यांचा! नाहीतर काय आपल्या खेळानं जिंकलो आपण?" त्याच्या अंगावर गुलाल होता, गळ्यात हार होता, आणि तोंड मात्र एकदम उतरलं. तो मोटारस्टँडच्या पारावर बसला आणि सगळे नाचत गावात निघून गेले तरी बसूनच राहिला. त्यानं हे मुद्दाम केलं नव्हतं. असलं काही मुद्दाम सुचण्याइतकी अक्कल त्याला असती तर तो टप्पे मारायला शिकला नसता का?

झालं, ही गोष्ट जिल्हाभर पसरली. त्यानंतर पुसदला येणारा प्रत्येक संघ फडक्यात भाकरी बांधून येऊ लागला. बाभुळगावच्या संघातल्या यच्चयावत खेळाडूंनी बुधवारी सोमवारचा उपास धरला. पंच त्याच्या हातचं पानसुद्धा घेईनात. आम्हाला याची मोठी गंमत वाटे, आणि आमच्या संघाचा दबदबा वाढला असं कप्तान म्हणत असे. सेंटर मात्र वाळत चालला. रिंगखाली उभा असायचा, पण समोरच्याला काही विचारायचा नाही. त्याची माय एकदा मला रस्त्यात भेटली. म्हणाली, "मास्तर, आमच्या घरून कधी कोणी उपाशी गेलं नाही. आता लोकं आमच्या अन्नाले भिऊन राह्यले. ढाल ठेवता कुठं, ते सांगा मले. हिरीत टाकीन नेऊन." मी तिला खेळातले डावपेच समजावून सांगितले. तिनं ते ऐकून घेतले नाहीत.

पुढल्या वर्षी अंतिम सामना पुन्हा पुसदला, आणि समोर पुन्हा यवतमाळ. सकाळी मोटारीतून एकेक खेळाडू उतरला, प्रत्येकाच्या हाती पितळेचा डबा. आमचा सेंटर पुढे होऊन म्हणाला, "कप्तानसाहेब, चला. वावरात जगरा पेटला हाये." कप्तान हसला आणि म्हणाला, "एकदा पोळलो, भाऊ. आता नाही." सेंटर म्हणाला, "खाऊ नका. पण येऊन पाहा तं खरं. येवढं तं कराल?"

तेवढं त्यांनी केलं. यवतमाळचे गडी चिंचेखाली आपापले डबे उघडून बसले आणि समोर सेंटरनं आम्हाला बसवलं, म्हणजे आम्हाला, त्याच्या स्वतःच्या संघाला. "मास्तर, तुमी खा. त्यायच्यासमोर खा. एकाच जगऱ्यातले रोडगे, एकाच गंजातली भाजी. त्यायले दिसू द्या, यात काई नाही." आमच्या कप्तानानं दुपारच्या सामन्याची आठवण दिली, तेव्हा सेंटरनं गळ्याची आन घातली. पाहुण्यांच्या वाटचं अन्न उरलं तर टाकायचं काय, असं विचारलं. शिवाय, खोटं कशाला सांगू, वांग्याची भाजी त्या दिवशी फारच जमली होती. आम्ही पाहुण्यांच्या वाटचंही खाल्लं. यवतमाळचा कप्तान डब्यातली पोळी चघळत आमच्याकडे टक लावून बघत होता.

सामन्याचं मी फारसं सांगणार नाही. मला चिंचेखालून उठवायला दोघे लागले. चेंडू माझ्या बाजूनं जायचा तेव्हा मी त्याला मानेनं निरोप द्यायचो. आमच्यात एकटा धावत होता तो सेंटर. होय, धावत होता, आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं टप्पेसुद्धा मारले. आम्ही सपाटून हरलो. ढाल यवतमाळकरांनी डोक्यावर घेतली, आणि मी त्या माणसाला चार शब्द सुनावायला पोट सावरत त्याच्याकडे निघालो. तो तोवर यवतमाळच्या कप्तानासमोर जाऊन उभा राहिला होता. अंगातून घाम निथळत होता आणि तो एवढंच म्हणाला, "आता तं येता का घरी?"

कप्तानानं ढाल शेजारच्याच्या हाती दिली आणि तो याच्याबरोबर चालू लागला. त्याच्या मागून त्याचा सगळा संघ निघाला, आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून आम्हीही.

दिवस मावळायच्या बेताला अंगणात पंगत बसली. सेंटर वाढत होता आणि यवतमाळचे गडी खात होते. कप्तानानं पहिला रोडगा संपवला आणि दुसऱ्यासाठी आपणहून ताट पुढे केलं, तेव्हा चौकटीशी उभी असलेली माय पदर डोळ्यांना लावून आत गेली. बाहेर आली ती कप्तानाला म्हणाली, "तुमी गेल्या साली गेले न बाप्पा, तवापासून माह्या पोरानं रोडगा तोंडात घातला नाही. तो करते साऱ्यायसाठी, सोता खात नाही. आजही सकाळपासून उपाशीच खेळला."

कप्तान ताटावरून उठला. हात धुतले, सेंटरच्या हातातली तुपाची वाटी काढून घेतली, आणि एवढ्या मोठ्या धिप्पाड माणसाला खांद्याला धरून आपल्या पाटावर बसवलं. रोडगा फोडला, वर तूप घातलं. सेंटरनं नको म्हणून ताटावर हात आडवा धरला, तर कप्तान म्हणाला, "माह्या गळ्याची आन हाये."

आता मी खेळ सोडून काही वर्षं झाली आहेत. ढाल पुन्हा आमच्याकडे आली नाही, आणि ती आमच्या सेंटरनं घालवली हे मी आजही भेटेल त्याला सांगतो. सांगताना मला राग आणायचा असतो. पण त्या संध्याकाळी तो मान खाली घालून हळूहळू जेवत होता, आणि आजवर इतक्यांदा त्याच्या घरी जेवूनही मी त्याला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. ते आठवलं की मग राग येत नाही. आम्ही दोन्ही संघ हात वाळेपर्यंत तसेच बसून राहिलो, त्याचं जेवण होईपर्यंत.