शेषेराव मामांची जित्राबं

शेषेराव मामा कामावर आले की आधी टाकीत दोरीनं डबा सोडायचे, तपकिरी पाणी तळहातावर घ्यायचे आणि नाकाशी धरून डोळे मिटायचे. ते पाणी म्हणजे आमच्या साऱ्या शहराचं सांडपाणी. पहिल्या दिवशी ते पाहून मी दोन पावलं मागं सरले. मामा म्हणाले, "घाण न्हाई हे, म्याडम. ओल्या मातीचा वास हाय. म्हंजे जित्राबं बरी हाईत."

जित्राबं म्हणजे टाकीतले जीवाणू. खालून हवा सोडायची, जीवाणूंनी मैला खायचा आणि निवळलेलं पाणी ओढ्याला सोडायचं, असं आमचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र. मामा चौथी शिकलेले ऑपरेटर. मी केजच्या कॉलेजातून विज्ञानाची पदवी घेतलेली, घरातली पहिली पदवीधर, तिथली नवी केमिस्ट. वीज गेली की मामा जनरेटरकडे धावत. "कडब्याबिगर जनावर दोन दिस काढंल. दम कोंडल्यावर किती काढंल?"

एकदा मामा कडा गावी लेकीकडं गेले असताना निरोप आला, उद्या मोठे साहेब पाहणीला येणार. टाकीला तेव्हा थोडा वास होता. आमच्या गावात आडाच्या पाण्यात पावडर टाकतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. मी ब्लीचिंग पावडरची चार पोती टाकीत ओतायला लावली. साहेब नाकाला रुमाल न लावता फिरले, आणि माझी मान ताठ झाली.

मामा परतले. डब्यातून करडं पाणी वर आलं. तळहात बराच वेळ त्यांच्या नाकाशी होता.

"पावडर कुनी घातली?"

"मी. वास येत होता."

"वास यायलता म्हून जित्राबं मारून टाकली व्हय?"

मला रडू आलं. मामा म्हणाले, "रडायचं मागून. गाव काय हागायचं थांबत न्हाई. हे असंच ओढ्याला गेलं तर खालच्या वस्तीवरल्या म्हशी पितील."

ते लगेच सायकलवरून वस्तीवर गेले आणि जनावरं ओढ्याला सोडू नका, म्हणून घरोघर सांगून आले. काही लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी मला घेऊन तिथंच शेण मागायला गेले. एक गवळी हसला. "कावून वो मामा, गावाची घाण कमी पडायली का?"

"तुझ्याच म्हशीचं पाणी बरं करायलोत बे. भर डबा."

शेणात नव्या जित्राबांचं बी असतं आणि गूळ हा त्यांचा पहिला घास, असं मामांचं गणित. मी कोपरापर्यंत हात घालून शेण कालवलं, गूळ विरघळवला. रोज सकाळी डबा, तळहात, आणि मामांची मान नकाराची. नवव्या दिवशी त्यांनी हात माझ्या नाकापुढं धरला. मी मागं सरले नाही. नांगरलेल्या रानाचा वास होता.

मामा मागच्या वर्षी वारले. त्यांची आठवण आली की मला त्या नवव्या दिवसाची दुपार दिसते. मी प्रयोगशाळेतलं सूक्ष्मदर्शक यंत्र काढून टाकीतला एक थेंब काचेवर घेतला. इतकी वर्षं मामांना तो कुणी दाखवलाच नव्हता. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि वाकले.

"लई हाईत वो," ते हळूच म्हणाले. "हे देठावरलं फूल डोलायलंय."

"ते फूल नाही, मामा. एक बारीक जनावर आहे. जीवाणू खातं. ते दिसलं म्हणजे टाकी सावरली."

मग डोळा न काढता त्यांनी विचारलं, "त्या दिशी किती मेली असतील, म्याडम?"

"मोजता येत नाहीत, मामा."

ते बाजूला झाले. "मग बघून तरी घ्या."

कॉलेजात मी अशा थेंबांच्या आकृत्या काढल्या होत्या, प्रत्येकाला नाव दिलं होतं. त्या दुपारी मात्र काचेला डोळा लावताना मी श्वास रोखून धरला.