उजवी नाकपुडी रजेवर

"आधी वास घेवचो, मगे बोलूचा." फळीला नाक लावून मेस्त्री असं म्हणत आणि मग बराच वेळ बोलतच नसत. माणसांपेक्षा लाकडाशी जास्त अदबीने वागणारा असा एखादा सुतार तुमच्याही घरी येऊन गेला असेल. आमचे मेस्त्री कणकवलीकडचे. मी काम करते त्या घाटकोपरच्या नाक-कान-घशाच्या दवाखान्यात ते औषधांचं कपाट करायला आले होते. मी तिथे नंबर लावते, फोन घेते आणि उरलेल्या वेळात लोकांच्या भानगडीत पडते.

एकदा मी गंमत म्हणून त्यांचे डोळे रुमालाने बांधले आणि नाकाखाली एकेक तुकडा धरला. साग, शिवण, फणस, त्यांनी पटापट सांगितलं. चौथ्याला म्हणाले, "ही तुझी पेन्सिल. चावू नको गो."

आमच्या डॉक्टर मॅडम दारातून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "मेस्त्री, प्रत्येक वेळी मान उजवीकडे का वळवता?"

"डाव्या नाकान हुंगतंय. उजवी रजेर आसा, मॅडम. वरीस झाला."

वर्षभर ते त्या नाकपुडीत कापूर घातलेलं खोबरेल सोडत होते. मधूनमधून रक्त यायचं, तेव्हा त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, उष्णता झाली म्हणून कोकम सरबत पाजायच्या. मॅडमनी स्टीलची चकचकीत पट्टी त्यांच्या नाकाखाली धरली. श्वासाची वाफ एकाच बाजूला उमटली.

"डावी कामाची आसा बघा," मेस्त्री खूश होऊन म्हणाले. मॅडम हसल्या नाहीत. एकच बाजू बंद आणि वर रक्त, हे लक्षण त्यांना बरं वाटलं नव्हतं.

दुर्बिणीतून गाठ दिसली. तुकडा तपासला, तर नाकाच्या वरच्या पोकळीतला कॅन्सर निघाला. मॅडमनी इतक्या वर्षांत असा दुसराच पाहिला होता. चाळीस वर्षं नाकात गेलेला लाकडाचा भुसा कारण असू शकतो, असं त्या म्हणाल्या.

"म्हणजे सागान घात केल्यान?" मेस्त्रींनी सख्ख्या भावाबद्दल विचारावं तसं विचारलं.

मोठ्या हॉस्पिटलात नाकातूनच ऑपरेशन, मग रेडिएशनचे शेक. जीव वाचायची आशा चांगली होती. पण गाठ वासाच्या नसांना चिकटलेली, त्यामुळे वास दोन्ही बाजूंनी कायमचा जाणार होता. मला रडू आवरेना. मेस्त्रींनी चार दिवस मागून घेतले.

आणि त्या चार दिवसांत या माणसाने नुसता धुमाकूळ घातला. कुर्ल्याच्या लाकडाच्या वखारीत तो प्रत्येक ओंडक्याला भेटून आला. मालाडच्या बाजारात सुक्या बोंबलांच्या टोपलीवर इतका वेळ ओणवा राहिला की कोळीण म्हणाली, "घेतोस की नुसता बघतोस?" जेवणाच्या सुट्टीत मला ओढत पिठाच्या गिरणीत नेलं आणि आम्ही दोघं गरम पिठाचा वास घेत शिंकत उभे राहिलो. माझा डबा उघडायला लावून म्हणाले, "मेथी. मीठ कमी पडला." मीठ खरंच कमी होतं. वासावरून ते कसं कळलं, देव जाणे.

पाचव्या दिवशी हॉस्पिटलची चिठ्ठी न्यायला ते काकींना घेऊन आले. "सगळा हुंगान झाला, बाय," मला म्हणाले. मग एकदम थांबले, वाकले आणि बाकावर बसलेल्या काकींच्या मोगऱ्याच्या गजऱ्यात नाक खुपसून डोळे मिटले. सगळे पेशंट बघत राहिले.

"अवो, लोक बघतत," काकी पुटपुटल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

ऑपरेशन नीट झालं, शेकही झाले. दर तपासणीला नाक साफ निघे आणि वास शून्य. मेस्त्री तरी हसतखेळत यायचे, आमच्या कपाटाची दारं उघडझाप करून बघायचे. गेल्या वर्षी ते कायमचे गावी गेले. जाण्याआधीच्या शेवटच्या तपासणीला ते आत होते आणि काकी माझ्याजवळ बसल्या होत्या. ऑपरेशननंतर त्यांच्या केसांत मोगरा दिसलाच नव्हता, प्रत्येक वेळी अबोली. माझ्याच्याने राहवेना, मी विचारलं.

"अबोलीक वास नसता," काकी म्हणाल्या. "ह्येंका येना नाय, मगे मी एकटीन घेवन काय करू?"